सही कुणाची?

मागच्या आठवड्यात एका मित्राचा फोन. एमआयडीसीतल्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. सॉल्व्हंटच्या टाकीला वेल्डिंग करायचं होतं, गॅस टेस्टचं रीडिंग बरोबर येईना, म्हणून यानं हॉट वर्क परमिटवर सही केली नाही. वरून निरोप : "डिस्पॅच अडकलाय. तू सही कर, बाकी आम्ही बघतो."

मला फोर्ट स्टिकीन आठवली.

दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन दलाच्या कार्यक्रमाची बातमी मी करतो. संचलन, श्रद्धांजली, फोटो. खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं ही तारीख कशाची, हे मलाही धड माहीत नव्हतं. (त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती असते, त्यामुळे ही बातमी आतल्या पानावर जाते. १९४४ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, हा योगायोग.)

तर १९४४. महायुद्ध चालू. फोर्ट स्टिकीन हे मालवाहू जहाज इंग्लंडहून सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा घेऊन निघालं. कराचीत काही माल उतरला, जागा रिकामी झाली. तिथं कापसाच्या ८,७०० गासड्या भरल्या. तेलाची पिंपं, लाकूड, भंगारही. दारूगोळ्याच्या जहाजात कापूस नको, ही कप्तान नाइस्मिथची नाखुशी होती असं सांगतात. पण युद्ध चालू आहे म्हटल्यावर रिकामी जागा कोण नेऊ देणार?

१२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. एरवी असा माल गोदीबाहेर, समुद्रातच होड्यांवर उतरवायचा. युद्धात तो नियम सैल केलेला. धोक्याचा लाल बावटाही लावलेला नव्हता. म्हणजे शेजारच्या जहाजावर घाम गाळणाऱ्या हमालाला आपण कशाच्या बाजूला उभे आहोत, याचा पत्ताच नाही.

१४ तारखेला दुपारी दोनच्या आत-बाहेर दोन नंबरच्या होल्डमधून धूर दिसला. खाली कापूस, वर दारूगोळा. बंबांनी पाणी मारलं, तर जळत्या गासड्या पाण्यावर तरंगत वर, दारूगोळ्याकडे सरकू लागल्या. धक्क्यावर दोन तास चर्चा. दारूगोळा खात्याचा अधिकारी सांगत होता, जहाज बुडवा. कुणी म्हणे समुद्रात ओढून न्या. कुणाला वाटे, आग विझेल. साहेब भरपूर होते, पण "माझ्या जबाबदारीवर करा" म्हणणारा एकही निघाला नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एकूण मृतांचे आकडे सातशे-आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. गोदीतले मजूर नीट मोजले गेले असतील, यावर माझा तरी विश्वास नाही.

लोकांच्या लक्षात राहिलं ते घरांवर पडलेलं सोनं. चौकशी आयोगानं मात्र कापूस आणि दारूगोळा एकत्र भरण्यावर आणि वेळेत कडक पाऊल न उचलण्यावर बोट ठेवलं.

कराचीत कप्तानाकडे नकार होता, पण त्या नकाराला कायद्याचा टेकू नव्हता. तो आपल्याकडे फार उशिरा आला, तोही भोपाळनंतर. कारखाने अधिनियम १९४८ चा. त्यात १९८७ साली कलम ४१-एच घातलं गेलं. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात जिवाला लगेच धोका आहे असं रास्तपणे वाटलं, तर कामगारानं व्यवस्थापनाला सांगायचं आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवायचं. मालकानं लगेच उपाय करायचा. धोका नाहीच असं त्याचं म्हणणं असेल तर प्रकरण निरीक्षकाकडे जातं, त्याचा निर्णय अंतिम. थोडक्यात, शेवटचा शब्द डिस्पॅचवाल्याचा नाही. हजार किंवा जास्त कामगार असत तिथं सेफ्टी ऑफिसर नेमणं त्याच अधिनियमात बंधनकारक झालं होतं, ते १९७६ च्या दुरुस्तीनं. पण त्याला नेमतो मालक, पगारही मालकच देतो. माझ्या मते खरी गोम इथंच आहे.

मित्रानं काय केलं? रीडिंग वेळेसकट रजिस्टरला लिहिलं आणि साहेबांना म्हणाला, "सर, सही कर म्हणताय ते तेवढं मेलवर टाका."

मेल आला नाही. टाकी रात्रभर धुतली, सकाळी पुन्हा टेस्ट घेतली, रीडिंग आलं, मग सही झाली. गाडी एक दिवस उशिरा निघाली. त्या दिवसापासून साहेब त्याच्याशी कामापुरतंच बोलतात, आणि इन्क्रिमेंटची पत्रं अजून यायची आहेत.