गिरणगावातील खानावळ : गरजेतून उभा राहिलेला उद्योग

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली, तेव्हा व्यापारात साठलेल्या भांडवलाला नवे क्षेत्र मिळवून देणे हा त्यामागचा हेतू होता. अशा प्रेरणेला अभ्यासक संधीतून आलेली उद्योजकता म्हणतात, तर उपजीविकेचा दुसरा मार्ग न उरल्यामुळे पत्करलेल्या धंद्याला गरजेतून आलेली उद्योजकता. परळ-लालबागच्या गिरणगावातील चाळींत स्त्रियांनी चालवलेल्या खानावळी सहसा या दुसऱ्या वर्गात घातल्या जातात.

कोकणातून आणि घाटावरून आलेले बहुसंख्य कामगार बायकामुलांना गावी ठेवून एकेका खोलीत दाटीने राहत, त्यामुळे दोन वेळचे जेवण ही त्यांची कायमची अडचण होती. दुसरीकडे, गिरणीत स्त्रियांना मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांतच काम मिळे आणि तेथील त्यांची संख्याही पुढे घटत गेली. जिचा नवरा गेला, आजारी पडला किंवा त्याचा पगार पुरेना, तिच्याजवळ चूल, परात आणि स्वतःचे श्रम एवढेच भांडवल उरे. खानावळ त्यातून उभी राहिली.

तिचा व्यवहार मात्र पक्का धंद्याचा होता. शिधा वाण्याकडून उधारीवर येई, गिऱ्हाइकांचे पैसे पगारानंतर मिळत, न जेवलेल्या वेळेचा, म्हणजे खाड्याचा, हिशेब ठेवावा लागे आणि मधल्या तुटीसाठी सावकाराचे दार गाठावे लागे. पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या हातांची मजुरी या हिशेबात कोठेच धरली जात नसे, म्हणूनच घरच्यांना आणि बँकांनाही हे सारे घरकामच वाटे.

गिरण्यांतील संपाच्या काळात पगार थांबले तरी या स्त्रियांनी कामगारांची ताटे थांबवली नाहीत आणि त्यापायी त्या कर्जात बुडाल्या. हे जवळून पाहिलेल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि स्त्रियांच्या गटांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले. सावकाराचा पाश सैल होताच याच स्त्रियांनी संघटितपणे मोठ्या प्रमाणावर जेवण पुरवण्याचा व्यवसायही हाती घेतला. यावरून स्पष्ट होते की, स्त्रीची प्रेरणा गरजेपुरती आणि पुरुषाची विस्ताराची, हा भेद स्वभावातून आलेला नव्हता. पत कोणाला मिळते, यावर तो अवलंबून होता.