बांधलेल्या आतड्याची कुळकथा

कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यात पक्का ओळखला. हा जंतू विष सोडत असणार, हेही तो तेव्हाच बोलून गेला. पण ते विष पुढची पंचाहत्तर वर्षं कुणाच्या हाती लागलं नाही. लागणार कसं? बहुतेक जण जनावराच्या रक्तात नाहीतर उदरपोकळीत जंतू टोचून बघत. जनावर मरायचं, पण त्याला पटकी काही व्हायची नाही.

शंभुनाथ दे हुगळी जिल्ह्यातले, कलकत्त्यात शिकलेले विकृतिशास्त्रज्ञ. लंडनहून पीएचडी करून परतल्यावर त्यांनी भूल दिलेल्या सशाचं पोट उघडलं, लहान आतड्याचा काही इंचांचा भाग दोन्हीकडून दोऱ्याने बांधला आणि जंतूंचा द्राव सुईने थेट त्यात सोडला. पोट पुन्हा शिवलं. दुसऱ्या दिवशी पाहावं तर तेवढाच भाग टम्म फुगलेला, आत तांदळाच्या धुवणासारखं पाणी. ज्या भागात जंतूंविना द्राव सोडला होता, तो चपटाच. हे १९५३ साली छापून आलं.

युक्ती तशी जुनी. वियोल आणि क्रेंदिरोपुलो या दोघांनी ती १९१५ सालीच करून पाहिली होती आणि सगळे ती विसरूनही गेले होते. दे यांचा जन्मही नेमका त्याच साली झालेला!

१९५९ मध्ये दे यांनी जंतू गाळून काढले आणि नुसतं गाळलेलं पाणी आतड्यात सोडलं. आतडं तरीही फुगलं. विष सापडलं. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवर विषाची हीच करणी दाखवली. आपल्याकडे दे यांच्या कामाचं कौतुक मात्र फारच उशिरा झालं.

या विषाने आतड्याचं अस्तर सोलून निघतं, अशी जुनी समजूत होती. १९६० साली थायलंडमधल्या रुग्णांच्या आतड्याचे नमुने प्रसिद्ध झाले, त्यांत अस्तर शाबूत होतं. विष पेशी मारत नाही. पेशीला आतड्यात मीठ ओतायला लावतं, मागोमाग पाणी येतं.

मग विषाचं जनुक काढून टाकलेल्या जंतूंची लस करून पाहिली, तर काही स्वयंसेवकांना तरीही जुलाब. बाल्टिमोरमध्ये अलेस्सिओ फसानो यांच्या गटाने सशाच्या आतड्याचं अस्तर द्रवाच्या दोन कप्प्यांमध्ये ताणून बसवलं आणि विजेला होणारा विरोध मोजला. विषाचं जनुक नसलेल्या जंतूंचं गाळलेलं पाणी घातल्यावरही तो घसरला. पेशी धडधाकट, पण दोन पेशींमधली घट्ट शिवण सैल झाली होती. १९९१ साली जाहीर झालेल्या या दुसऱ्या विषाचं नाव झॉट. त्याच जनुकावर जंतूत राहणाऱ्या एका विषाणूची जडणघडणही अवलंबून असते, हे नंतर कळलं. जुलाबात झॉटचा वाटा किती, यावर मात्र एकमत झालं नाही.

शिवणी सैल करणारं असंच एक द्रव्य आपलं शरीरही बनवतं, असं फसानोंनी २००० साली मांडलं आणि त्याला झोन्युलिन म्हटलं. बघता बघता ‘लीकी गट’ची, म्हणजे गळक्या आतड्याची, दुकानं उघडली, झोन्युलिन मोजून देणाऱ्या चाचण्या बाजारात आल्या. त्यांतल्या काही झोन्युलिन मोजतच नाहीत, दुसरीच प्रथिनं मोजतात, असं २०१८ मध्ये दिसून आलं. तरी त्या अजून विकल्या जातात.