शास्त्रातील उमेदवारी

कारखान्यात कोणताही कारागीर केवळ पुस्तक वाचून तयार होत नाही. जिनातला नवा मुलगा आधी फिटरच्या हाताखाली पाने उचलून देतो, मग पट्टा चढवावयास शिकतो, आणि काही हंगामांनी यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखू लागतो. ह्याला आपण उमेदवारी म्हणतो. शास्त्रीय संशोधनाची विद्याही ह्याच वाटेने हस्तगत होते, असे इतिहास सांगतो. आपल्याकडे मात्र समज असा, की आधी पदव्या घ्याव्यात, मग वय वाढावे आणि सर्वांत शेवटी संशोधन करावे.

१८१० साली बर्लिन येथे विद्यापीठ स्थापन झाले. अध्यापन आणि संशोधन ही एकाच घरात नांदली पाहिजेत, हा त्यामागील विल्हेल्म फोन हुम्बोल्टचा विचार होता. ह्याच बर्लिनमध्ये फिर्खो ह्या विख्यात वैद्यकशास्त्रज्ञाच्या संस्थेत पाउल लांगरहान्स नावाचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंड तपाशीत असे. त्या पिंडात निराळ्या पेशींची लहान लहान बेटे विखुरलेली आहेत, हे त्याने १८६९ साली आपल्या प्रबंधात दाखविले. तेव्हा त्याचे वय २१ वर्षांचे होते. ह्या बेटांचे कार्य काय, हे त्याला सांगता आले नाही. पण आज ती त्याच्याच नावाने ओळखली जातात.

त्याच बेटांतून पाझरणारे इन्सुलिन १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो विद्यापीठात हाती लागले. प्राध्यापक मॅक्लाउड ह्यांनी बँटिंग ह्या तरुण डॉक्टरला प्रयोगशाळा दिली आणि मदतीस चार्ल्स बेस्ट हा २२ वर्षांचा विद्यार्थी दिला. बेस्टची पहिली पदवी नुकतीच पुरी झाली होती. वैद्यकाचे शिक्षण अद्याप व्हावयाचे होते. रक्तातील साखर मोजण्याचे काम त्याच्याकडे होते. १९२३ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते बँटिंग आणि मॅक्लाउड ह्यांना. बेस्टचे नाव त्यात नव्हते. बँटिंगने आपल्या वाट्यातील निम्मी रक्कम बेस्टला दिली, ही त्याची थोरवी. पण हाताखालच्या माणसाचा हक्क कोणाच्या थोरवीवर सोपवू नये, हे कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला निराळे शिकावे लागत नाही.

आपल्याकडे ही उमेदवारी का रुजली नाही? १८५७ साली मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे निघालेली विद्यापीठे त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरची होती. त्यांचे मुख्य काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हे होते. शिकविणारी महाविद्यालये एकीकडे, परीक्षक दुसरीकडे. प्रयोगशाळा होती ती नेमून दिलेले प्रयोग करण्यापुरती. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रयोगातून हात बसतो, शोध लागत नाही. ही घडी मोडण्याचे प्रयत्न उशिरा झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९७९ साली अल्पमुदतीच्या विद्यार्थिवृत्तीची योजना सुरू केली. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्याच अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिने एखादा प्रश्न तपासावा आणि अहवाल लिहावा, अशी तिची रचना आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ साली विज्ञानशाखेच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी असाच राष्ट्रीय उपक्रम हाती घेतला.

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्याकडे वळू. अमोलकचंद महाविद्यालय १९५६ साली निघाले, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ साली. विद्यार्थी आहेत, अध्यापक आहेत. आणि प्रश्नांची तर येथे वाण नाही. २०१७ च्या पावसाळ्यात ह्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पोचले. शासनाने विशेष चौकशी पथक नेमले. पण माणसे मेल्यावर होते ती चौकशी. आधी व्हावयास हवे ते संशोधन. पंपाची गळती किती जणांच्या पाठीवर होते? किती औषधे एकत्र मिसळली जातात? डब्यावरील सूचना मजुराला वाचता येते काय? फवारणीनंतर किती तासांनी डोळे चुरचुरतात? ह्यांसाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. वही, चिकाटी आणि प्रश्न नीट कसा विचारावा हे शिकविणारा अध्यापक लागतो. रोजीवरचा माणूस साहेबापुढे बिचकतो. गावातल्याच मुलीला किंवा मुलाला तो खरे सांगतो. म्हणून हे काम करण्यास ह्या मातीतला विद्यार्थीच अधिक लायक आहे.

तथापि उमेदवारीचे नियम पाळले गेले पाहिजेत. ज्याने काम केले त्याचे नाव निबंधावर यावे. उमेदवार म्हणजे फुकटचा मजूर नव्हे. त्याला शिकविणे ही अध्यापकाची बांधिलकी आहे. आणि ज्यांनी माहिती दिली त्या मजुरांपुढे निष्कर्ष त्यांच्याच भाषेत, पुढच्या फवारणीच्या आत वाचून दाखविला जावा. एवढे झाले, तर महाविद्यालय आणि शेतमजुरांची वस्ती ह्यांतील अंतर काही अंशी तरी कमी होईल.