मस्तकशूलाचीं नांवें

पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत केंदूर हें गांव आहे. संत कान्हूराज पाठक यांच्या समाधीमुळें तें वारकरी मंडळीस परिचित आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील हा पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस बेताचा आणि वैशाखाचें ऊन असें कीं, दुपारीं शिवारांतून परतणाराच्या तोंडून पहिला शब्द पाण्याचा व दुसरा बहुधा डोक्याचा निघावा. अशा मुलखांत 'डोकें उठलें' हें वाक्य इतकें नेहमींचें असतें कीं, त्याचा कोणी विचार करीत नाहीं. परंतु या सामान्य दुखण्यासही इतिहास आहे, आणि त्याचा विसर पडल्यामुळें रोग्याचें नुकसान होत आहे, असें आम्हांस वाटतें.

आपली मराठी भाषाच प्रथम पाहावी. डोकें कधीं ठणकतें, कधीं भणभणतें, कधीं जड होतें, तर कधीं त्यांत सणक येते. कोणाचें पित्तानें चढतें, कोणाचें पडशानें धरतें, कोणास ऊन लागतें. आणि अर्धेंच दुखूं लागलें तर त्यास 'अर्धशिशी' हें स्वतंत्र नांव आहे. हा शब्दांचा नुसता पसारा नव्हे. वेदना कशी आहे, कोठें आहे आणि कशानें आली, हें त्या एकेका शब्दांत सांठविलेलें आहे.

हीच दृष्टि प्राचीन वैद्यांचीही होती. चरकानें सूत्रस्थानांत शिरोरोगाचे पांच प्रकार सांगितले. सुश्रुतानें उत्तरतंत्रांत ते अकरा केले. त्यांपैकीं तीन येथें पाहण्याजोगे आहेत. पहिला सूर्यावर्त. हा सूर्योदयाबरोबर डोळे व भुंवया यांच्या ठायीं मंदपणें सुरू होतो, ऊन चढेल तसा चढतो आणि दिवस कलला कीं उतरतो. कपाळाच्या हाडांतील पोकळ्या पडशानें तुंबल्या म्हणजे वेदना नेमकी अशीच सकाळीं सुरू होऊन दुपारपर्यंत वाढते, असें आजचे डॉक्टर सांगतात. दुसरा अर्धावभेदक, म्हणजे आपली अर्धशिशी. ती पंधरा दिवसांनीं, दहा दिवसांनीं किंवा अकस्मात् येते, असें सुश्रुतानें नमूद केलें आहे. तिसरा शंखक. यांत कानशिलाशीं दारुण वेदना होते व रोगी तीन रात्रींत दगावतो. डोकेदुखी ही कधीं कधीं मृत्यूची दूती असते, हें त्या काळींही ठाऊक होतें.

कारणांच्या बाबतींतही चरकाचें निरीक्षण सूक्ष्म आहे. रात्रीचें जागरण, दिवसाची झोंप, मद्य, ऊन, धूळ, धूर, उग्र वास, वेगांचा अवरोध हीं त्यानें सांगितलेलीं कारणें आहेत. अर्धशिशीच्या रोग्यानें स्वतःची टिपणवही ठेविली, तर त्यांतील निम्मीं तरी तिच्यांत आढळतील. पाश्चात्यांकडेही दुसऱ्या शतकांत गेलन यानें अर्ध्या डोक्यावरून जें नांव योजिलें, त्याचाच अपभ्रंश होऊन 'मायग्रेन' हा शब्द झाला.

आतां उपायांकडे वळूं. सुंठ किंवा चंदन उगाळून लेप द्यावा, नाकांत तूप घालावें, कपाळ फडक्यानें आवळावें, सूर्योदयापूर्वीं दूध-जिलेबी खावी, आणि इतक्यानें न भागल्यास मंत्र जाणणाऱ्याकडून अर्धशिशी उतरवून घ्यावी, हा आपल्याकडील परिपाठ. यांतलें सर्वच टाकाऊ नाहीं. आवळलेल्या फडक्यानें अनेकांस तात्पुरतें बरें वाटतें. परंतु मंत्राचें यश कशांत आहे, तें समजून घ्यावें. अर्धशिशीचा झटका बहुधा चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो व आपोआप ओसरतो. तो ओसरतेवेळीं जो उपाय चालूं असेल, त्याच्या पदरीं श्रेय पडतें.

पुढें बाजार आला. १८९३ मध्यें काशिनाथुनी नागेश्वरराव या आंध्र गृहस्थानें मुंबईंत अमृतांजन काढलें. १८९९ पासून अ‍ॅस्पिरिन विकूं लागलें. १९१८ मध्यें अर्गट बुरशीपासून अर्गोटामिन वेगळें केलें गेलें. १९९१ मध्यें खास अर्धशिशीसाठीं सुमाट्रिप्टान आलें. हीं औषधें उपकारक आहेत, यांत शंका नाहीं. परंतु गोळी सुलभ झाली आणि नांव हरपलें. पडसें असो, जागरण असो, उपवासाच्या दिवशीं चुकलेला चहा असो, सर्वांस 'डोकेदुखी' हें एकच नांव आणि एकच गोळी! परिणाम असा कीं, साधी वेदनाशामक गोळी महिन्यांतून पंधरा वा अधिक दिवस, अथवा सुमाट्रिप्टानसारखें औषध दहा वा अधिक दिवस, याप्रमाणें तीन महिन्यांहून अधिक काळ घेत राहिल्यास ती गोळीच डोकेदुखी उत्पन्न करते. शामक तेंच कारण होऊन बसतें.

१९८८ मध्यें आंतरराष्ट्रीय शिरःशूल संस्थेनें आपलें पहिलें वर्गीकरण प्रसिद्ध केलें. त्याची तिसरी आवृत्ति २०१८ मधील आहे. त्यांत मुख्य भेद असा: डोकेदुखी हाच रोग, कीं दुसऱ्या रोगाचें तें चिन्ह? हा निर्णय यंत्रापेक्षां रोग्याच्या हकीकतीवर अधिक होतो. कोठें दुखतें, किती वेळ, मळमळ व उजेडाचा त्रास आहे काय, हेच प्रश्न. म्हणजे सुश्रुत ज्या वाटेनें गेला, त्याच वाटेनें आजचें शास्त्रही चाललें आहे.

म्हणून वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, गोळीपूर्वीं दुखण्याचें नांव शोधावें. उन्हानें उठलें असेल तर सावली व पाणी. उपाशीपणानें असेल तर अन्न. पुनःपुन्हा येत असेल तर वही व वैद्य. परंतु वेदना क्षणांत कमाल झाली, तापाबरोबर मान आंखडली, वाचा किंवा हातपाय लुळे पडले, डोक्यास मार लागला असला, उन्हांत शुद्ध हरपूं लागली, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच नवें दुखणें सुरू झालें, तर लेप, मंत्र व गोळी हीं तिन्ही बाजूस ठेवून तत्काळ दवाखाना गांठावा. केंदूरसारख्या गांवाहून शहरांतलें मोठें रुग्णालय दूर असतें. तेथें तर हा विवेक प्रथम घरांतच झाला पाहिजे. आमच्या पूर्वजांनीं दुखण्यास नांवें दिलीं, तीं याचसाठीं.