पिकअपची उंची : गरज, हौस आणि दोन बोल्ट

अमेरिकेत नव्याने आलेल्या माणसाच्या डोळ्यांत भरते ती इथल्या पिकअप ट्रकची उंची. सिग्नलला आपण आपल्या छोट्या गाडीत बसलेलो असतो आणि शेजारच्या ट्रकचा बंपर थेट आपल्या खिडकीशी! एवढं उंच कशाला, हा प्रश्न मलाही पडायचा. जुना पिकअप घ्यायचं ठरवलं तेव्हा मात्र तो निव्वळ कुतूहलाचा राहिला नाही. उंची कारखान्यातली की आधीच्या मालकाने वाढवलेली, यावर गाडीचे सांधे, टायर, स्टिअरिंग सगळंच अवलंबून असतं. विकणारा काहीही सांगो, खरं उत्तर गाडीखाली लिहिलेलं असतं. ते वाचायला थोडा इतिहास माहीत हवा.

सुरुवात गरजेपासून झाली. १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली तेव्हा अमेरिकन खेड्यांत पक्के रस्ते जवळजवळ नव्हतेच. चिखलात खोल चाकोऱ्या पडायच्या. मधल्या उंचवट्याला गाडीचं पोट घासू नये म्हणून गाडी उंचच हवी. एप्रिल १९२५ मध्ये फोर्डने याच गाडीला मागे हौदा बसवून पिकअप विकायला काढला. किंमत २८१ डॉलर.

पुढची वाढ यंत्रामुळे झाली. दुसऱ्या महायुद्धात जीपने नाव कमावलं, आणि युद्धानंतर चारही चाकांना ताकद देणारे ट्रक शेतकऱ्यांनाही मिळू लागले : १९४६ मध्ये डॉजचा पॉवर वॅगन, १९४७ मध्ये विलीजचा पिकअप. मिनिआपोलिसची नॅपको कंपनी साध्या ट्रकसाठी फोर-व्हील-ड्राइव्हचा संच बनवायची. १९५७ मध्ये शेव्हरोलेने तो कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली, आणि १९५९ मध्ये फोर्डने स्वतःचा आणला. आता पुढेही अख्खा अ‍ॅक्सल आला. त्याचा मधला गोळा वर-खाली हलणार, तर वरच्या इंजिनला तो लागू नये एवढी जागा हवी. म्हणून गाडी आणखी वर.

मग आली हौस. सेंट लुईसजवळ चारचाकी ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान चालवणाऱ्या बॉब चँडलरने आपला १९७४ चा फोर्ड एफ-२५० वाढवत वाढवत नेला, त्याचं नाव 'बिगफूट'. १९८१ मध्ये त्याने शेतात उभ्या केलेल्या भंगार गाड्यांवरून तो चालवला, आणि 'मॉन्स्टर ट्रक' नावाचा खेळच जन्माला आला. टायर मोठे हवेत म्हणून गाडी वर, हे समीकरण इथून लोकप्रिय झालं.

आता गाडीखाली वाकून बघू. मागच्या पाट्यांच्या (आपल्याकडचे ट्रकवाले लीफ स्प्रिंगला पाटेच म्हणतात) आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये लोखंडी ठोकळा दिसला, तर लगेच निष्कर्ष काढू नये. काही ट्रकना कारखान्यातूनच ठोकळा असतो. एकावर एक दोन ठोकळे मात्र कारखान्याचे नसतात. असे थर धोक्याचेही : जोरात ब्रेक मारला की अ‍ॅक्सल पिळतो. पाट्यांच्या चळतीत एकच पान ताजं, बाकीची गंजलेली असतील तर तेही नंतरचं. चेसिस आणि केबिनच्या मध्ये ठोकळे असतील तर तो नुसता 'बॉडी लिफ्ट'. सस्पेन्शन तसंच आहे.

टायरही बघावेत. मूळ ३० इंच व्यासाच्या जागी ३३ इंची असतील आणि मीटर दुरुस्त केलेला नसेल, तर मीटर सुमारे ९ टक्के कमी दाखवतो. मीटरवरच्या नव्वद हजार मैलांचे खरे होतात ९९ हजार. हा मुद्दा थेट आपल्या खिशाचा!

पुढची बाजू जरा अवघड. टोयोटाने १९८६ मध्ये आणि शेव्हरोलेने १९८८ मध्ये चारचाकी पिकअपचा पुढचा अखंड अ‍ॅक्सल काढला. प्रत्येक चाक स्वतंत्र झालं आणि स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाणारी सळई, आली. शेव्हरोलेत तिचं एक टोक चाकाच्या खालच्या आर्मला असतं, तर दुसरं चेसिसच्या आडव्या पट्टीत एका छोट्या तरफेत. तरफेला टेकलेला बोल्ट आवळला की गाडीचं नाक वर. लिफ्टचा खर्च शून्य!

यामुळे स्प्रिंग कडक होते असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. सळईत किती पीळ राहणार हे गाडीचं वजन ठरवतं, आणि वजन तेच आहे. बदलतो तो आर्मचा कोन. मग गाडी आदळते का? आर्म आधीच खाली झुकलेला असतो, त्यामुळे खड्ड्यात चाकाला खाली जायला जागा उरत नाही. शिवाय ड्राइव्हशाफ्टचे सांधे तिरपे चालून झिजतात ते वेगळंच.

माझ्या १९९४ च्या शेव्हरोलेत दोन्ही बोल्ट जवळजवळ शेवटपर्यंत आवळलेले होते. ते खाली आणायची रीत सोपी आहे. चेसिस स्टँडवर घेऊन चाकं अधांतरी ठेवायची, म्हणजे सळईवरचा भार कमी होतो. मूळ जागेची खूण करून दोन्ही बोल्ट थोडे थोडे सैल करायचे. गाडी खाली घेऊन, दाबून, चार हात पुढेमागे ढकलून मग मोजायचं. मोजायचा तो खालच्या आर्मच्या दोन टोकांमधला उंचीचा फरक, कारण मडगार्डपासून मोजलं तर टायरचा आकारही त्यात मिसळतो. फरक मॅन्युअलशी जुळला की व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा. तरफ स्वतः काढायची असेल तर खास हत्यार लागतं. पीळ भरलेली सळई निसटली तर हात जायचा.

एवढी खटपट कशाला? डिसेंबर २००३ मध्ये वाहन कंपन्यांनी आपणहून ठरवलं की सप्टेंबर २००९ पर्यंत पिकअपचे धक्का शोषणारे भाग छोट्या गाड्यांच्या बंपरच्या पट्ट्याशी जुळवायचे. तो पट्टा जमिनीपासून १६ ते २० इंचांवर. त्याच्या वर गेलेला ट्रक छोट्या गाडीच्या मजबूत उंबरठ्यावरून जाऊन दारात घुसतो. कंपन्यांनी जुळवलेलं हे गणित मालक एका लिफ्टने मोडू शकतो. नाक वर, शेपूट खाली अशा 'कॅरोलायना स्क्वॉट'वर नॉर्थ कॅरोलायनाने १ डिसेंबर २०२१ पासून बंदी घातली : पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा ४ इंच किंवा अधिक उंच नको. साऊथ कॅरोलायनानेही २०२३ मध्ये तोच रस्ता धरला.

चाकोऱ्या गेल्या, डांबर आलं, तरी उंची राहिली. डोंगरात, बर्फात, शेतात तिचा उपयोग आजही आहे, तिथे ती जरूर असावी. पण रोज हायवेवरून ऑफिसला जाणाऱ्या ट्रकचे ते तीन इंच शेजारच्या गाडीतल्या माणसाच्या छातीच्या पातळीवर येतात. ते काढून टाकायला मला एक पाना आणि एक दुपार पुरली.