‘हे खरे आहे काय?’ची कुळकथा

होटगीला दोन लोहमार्ग भेटतात. सोलापूरहून आलेला मुख्य मार्ग वाडीकडे निघून जातो आणि इथूनच एक फाटा विजयपूर, बागलकोट करत गदगला पोचतो. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या या गावाला एखादे गाऱ्हाणे सरकारच्या कानावर घालायचे असेल, तर आधी दार ओळखावे लागते. स्टेशनात गाडी थांबत नाही, ही तक्रार मुंबईच्या विधानसभेत मांडून उपयोग नाही, कारण रेल्वे दिल्लीची. जवळच फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे, तोही केंद्राचा. पण शेतकऱ्याचा सातबारा, जमिनीची मोजणी, उजनीच्या पाण्याची पाळी, तालुक्यातले रस्ते हे सगळे राज्याच्या मंत्र्यांकडे येते. कधी कधी एकाच गोष्टीला तीन-तीन दारे असतात. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. विमानतळ केंद्राच्या प्राधिकरणाचा, पाडकाम महापालिकेचे, पोलीस बंदोबस्त राज्याचा.

मंत्री ज्या कारभाराला जबाबदार आहे, त्याबद्दलच त्याला प्रश्न विचारता येतो. आज हे साधे वाटते. पण लोकांनी निवडून दिलेल्या माणसाने उभे राहून सरकारला जाब विचारायचा आणि सरकारने तो द्यायचा, हा हक्क आपल्याला एका दिवसात मिळालेला नाही.

नोंद झालेला पहिला प्रश्न इंग्लंडच्या लॉर्ड्स सभागृहातला, १७२१ सालचा. साउथ सी कंपनीचा फुगा फुटला होता, हजारो लोक बुडाले होते आणि कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट देश सोडून पळाला होता. त्याला पकडले ही बातमी खरी का, असे अर्ल काउपर यांनी सरकारला विचारले. म्हणजे प्रश्नाचा जन्मच एका आर्थिक घोटाळ्यातून झाला.

हिंदुस्थानात ही प्रथा आली ती मात्र मागच्या दाराने, आणि लगेच हाकलली गेली. लॉर्ड डलहौसीच्या काळात, १८५४ पासून, कलकत्त्याच्या कायदेमंडळात इंग्रज सभासदच सरकारला अडचणीचे प्रश्न विचारू लागले. टिपूच्या वारसांना द्यायच्या रकमेवरून त्यांनी खुलासा मागितला, तेव्हा लंडनमध्ये कपाळाला आठ्या पडल्या. १८६१ च्या कायद्याने मंडळाचे काम फक्त कायदे करण्यापुरते बांधून टाकले. मुंबई इलाख्याचे कायदेमंडळ २२ जानेवारी १८६२ रोजी टाऊन हॉलमध्ये पहिल्यांदा भरले. त्यात जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखा वजनदार माणूस बसला होता, पण सरकारला एक साधा प्रश्न विचारण्याची मुभा त्यांनाही नव्हती. पुढची तीस वर्षे तशीच गेली.

१८९२ च्या कायद्याने प्रश्नाला दार उघडले, तेही फटीएवढे. आगाऊ सूचना द्यायची, फक्त माहिती मागायची, युक्तिवाद करायचा नाही, उत्तरावर चर्चा करायची नाही आणि अध्यक्षांनी नाकारले तर गप्प बसायचे. १६ फेब्रुवारी १८९३ रोजी केंद्रीय मंडळात भिनगाच्या राजांनी पहिला प्रश्न विचारला. दौऱ्यावरच्या साहेबांच्या छावण्यांना सामान पुरवताना खेड्यातल्या दुकानदारांना जो जाच होतो, त्याबद्दलचा. देशाच्या कायदेमंडळातला पहिला प्रश्न खेड्यातल्या वाण्यासाठी विचारला गेला, ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

मुंबईच्या मंडळात फिरोजशहा मेहता आले आणि १८९५ मध्ये मध्य विभागातून बाळ गंगाधर टिळक निवडून आले. पुणे, सातारा, नगर, नाशिक, खानदेश यांच्याबरोबर सोलापूर जिल्हाही याच विभागात होता. १८९९ मध्ये तिथेच गोपाळ कृष्ण गोखले आले. पुढे १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्नाची परवानगी दिली आणि १९१९ च्या कायद्याने तीच मुभा सभागृहातल्या कोणत्याही सभासदाला मिळाली.

या कुळकथेतला सगळ्यात मोठा टप्पा हा उपप्रश्नाचाच. छापील उत्तर कचेरीत कारकून आणि अधिकारी बसून लिहितात, त्याला वेळ असतो, शब्द तोलता येतात. उपप्रश्न मात्र मंत्र्याच्या तोंडावर येतो आणि त्याला स्वतःलाच उत्तर द्यावे लागते. खाते त्याला कळते की नाही, हे त्या दोन मिनिटांत सभागृहाला दिसते.

१९२७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या मंडळात होते. त्यांनी तिथे विचारलेले प्रश्न आणि सरकारची उत्तरे महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात आहेत. त्यांची भाषणे सगळे वाचतात, हे प्रश्न फारसे कोणी वाचत नाही. वाचायला हवेत, कारण सरकारकडून आकडा कसा काढून घ्यावा याचा तो वस्तुपाठ आहे.

सभागृहात विचारायला कोणी नसले की काय होते, तेही सोलापूरने पाहिले. मे १९३० मध्ये शहरात मार्शल लॉ लागला आणि ३० जूनपर्यंत राहिला. काँग्रेसच्या सभासदांनी तेव्हा कायदेमंडळे सोडलेली होती. सोलापूरबद्दलची विचारणा मग लंडनच्या पार्लमेंटात झाली आणि भारतमंत्री वेजवुड बेन यांना तिथे उत्तरे द्यावी लागली. जानेवारी १९३१ मध्ये सोलापूरच्याच त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. उत्तर देणारे सरकार जनतेला बांधील नसेल, तर प्रश्न फाशी थांबवू शकत नाही.

तो बांधीलपणा आला प्रांतिक स्वायत्ततेने. १९ जुलै १९३७ रोजी मुंबई विधानसभा पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरली. समोर बसलेले मंत्री आता निवडून आलेले होते आणि विधानसभेचा विश्वास गेला तर घरी जाणार होते. राज्यघटनेच्या १६४ व्या कलमात हीच सामूहिक जबाबदारी लिहिलेली आहे.

आजचा तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते तो, वाचला तर त्याचा साचा लगेच ओळखू येतो. अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी सुरुवात. मग ‘हे खरे आहे काय’. मग ‘असल्यास’ कोणती कारवाई केली. आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. समजा, होटगीच्या तलावाबद्दल असा प्रश्न गेला. विधिमंडळातून तो मंत्रालयातल्या खात्याकडे जातो, तिथून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला. ‘एलएक्यू आलाय’, म्हणजे विधानसभेचा प्रश्न आलाय, म्हटले की कचेरीत धावपळ उडते, जुन्या फायली निघतात, कोणी तरी जागेवर जाऊन पाहून येतो. कित्येकदा अर्धे काम इथेच होते, उत्तर सभागृहात पोचण्याआधी.

पण साच्यातच पळवाटही आहे. प्रश्नात महिना चुकला, गट नंबर चुकला, की पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर येते आणि उरलेल्या सगळ्या भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढेच छापले जाते. तलाव तसाच फुटका राहतो. म्हणून प्रश्न लिहिणे हे कसब आहे. ज्याने जागा पाहिली आहे आणि कागद हाताळला आहे, त्याचाच प्रश्न टिकतो.

सोलापूर जिल्ह्याने असा माणूस पाहिला. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा आणि एकूण अकरा वेळा विधानसभेत गेले. मंत्रिपदाचा थोडा काळ सोडला, तर ते विरोधी बाकावरच राहिले. दुष्काळी भागाचे पाणी हा त्यांचा विषय, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. बहुमत पाठीशी नसलेल्या आमदाराजवळ प्रश्नाशिवाय दुसरे कोणते शस्त्र असते?

दिल्लीत या शस्त्राचा घाव १९५७ मध्ये दिसला. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशाची गोष्ट लोकसभेतल्या प्रश्नातूनच वर आली, फिरोज गांधींनी ती लावून धरली, मुंबईचे न्यायमूर्ती छागला यांनी चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. हेच शस्त्र विकायलाही काढले गेले. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये संसदेतून अकरा सदस्यांना काढले, त्यांत महाराष्ट्राचे दोघे होते.

वेळोवेळी प्रश्नाला नवी भावंडे मिळाली. तातडीच्या विषयासाठी लोकसभेत १९५४ मध्ये आलेली लक्षवेधी सूचना आपली, भारतातच घडलेली. उत्तर अपुरे वाटले तर अर्धा तास चर्चा मागता येते. मंत्र्याने ‘करतो’ म्हटले, तर ते झाले की नाही हे आश्वासन समिती पाहते. २००५ च्या माहिती अधिकाराच्या मूळ कायद्यात तर असे परंतुक होते, की जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही माणसाला नाकारता येणार नाही. आमदाराचा हक्क तिथे थेट नागरिकाच्या हाती आला.

आणि तरीही प्रश्नोत्तराचा तास सगळ्यात आधी कापला जातो. सप्टेंबर २०२० मध्ये करोनाचे कारण देऊन महाराष्ट्राचे दोन दिवसांचे अधिवेशन आणि संसदेचे पावसाळी अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासाशिवाय झाले. एरवी तो गोंधळात बुडतो, आणि बुडवणाऱ्यांत विरोधकही असतात. लोकांचे मरण-जगणे सरकारच्या हातात सगळ्यात जास्त होते त्या वर्षी प्रश्न बंद ठेवणे ही चूक होती.

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या मराठीत असतात. आपल्या तालुक्याचे नाव त्यात शोधावे, ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे उत्तर दिसले तर तारीख, गट नंबर आणि कागदाची प्रत घेऊन आमदाराकडे जावे, आणि पुढच्या अधिवेशनाची सूचना देण्याची मुदत संपण्याआधी जावे.