जुन्या यंत्राचं रास्त मोल

परवा माळा आवरताना जुना संगणक खाली काढला. पेंटियम थ्री, धुळीने माखलेला. बटण दाबलं तर महाशय चक्क सुरू झाले! मुलगा म्हणाला, "बाबा, भंगारवाल्याला देऊन टाका." मला मात्र त्याचं बिल आठवलं. मॉनिटरपासून माऊसपर्यंत सगळ्याची किंमत त्यावर होती, विंडोजची ओळच नव्हती. पुढे कधी बिघडला की शंभर रुपयांत विंडोज 'टाकून' मिळायची. ते शंभर रुपये टाकणाऱ्याच्या श्रमाचे. बनवणाऱ्याला त्यातला छदामही नाही.

तेव्हा याचं काही वाटलं नाही. आता प्रश्न पडतो, जुन्या यंत्रावर चालणाऱ्या, मोजक्याच लोकांना हव्या असणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची रास्त किंमत किती?

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला. त्यासाठी डॉस ४० डॉलरला मिळायची आणि थोडी उशिरा आलेली सीपी/एम-८६ २४० डॉलरला. सीपी/एमचं नाव आधीपासून मोठं होतं, पण सहापट पैसे कोण मोजणार? डॉस घरोघरी गेली.

म्हणजे स्वस्त तेच टिकतं? तसंही नाही. बीओएस या देखण्या सिस्टिमची एक आवृत्ती २००० साली फुकट वाटली गेली. तरी पुढच्याच वर्षी ती बनवणाऱ्या कंपनीला आपली मालमत्ता १ कोटी १० लाख डॉलरला पाम कंपनीला विकावी लागली. मायक्रोसॉफ्टने संगणक उत्पादकांशी केलेल्या करारांमुळे आपली वाट अडली, असा दावा तिने २००२ साली लावला. २००३ मध्ये तडजोडीचे २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर मिळाले, पण तोवर दुकान बंद झालं होतं.

२००५ मध्ये आपल्याकडे विंडोज एक्सपीची हिंदी 'स्टार्टर' आवृत्ती आली. स्वस्त, पण एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालणार, आणि मिळणार फक्त नव्या संगणकाबरोबर. म्हणजे ज्याच्याकडे जुनं यंत्र आहे त्याला तीही नाही.

याच्या उलट टोकाला आर्काओएस. १९८७ साली जन्मलेल्या ओएस/२ चा आधार आयबीएमने २००६ अखेर काढून घेतला. २०१७ साली एका छोट्या कंपनीने तिचंच नवं रूप आणलं. घरगुती वापरासाठी किंमत १२९ डॉलर, तेव्हाचे आठ हजारांवर रुपये! माझा अख्खा संगणक विकला तरी एवढे येणार नाहीत. आधी वाटलं, ही तर लूट.

मग आमच्या सोलापूरच्या चादरी आठवल्या. जकार्ड मागावर नवी नक्षी चढवायची तर आधी ती कागदावर मांडायची, मग पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. हा खर्च एकदाच. हजार चादरी निघाल्या तर तो चादरीमागे जाणवतही नाही. दहाच काढल्या तर चादर महाग पडते. त्यात विणकराची लबाडी नसते. आर्काओएसचंही तसंच. नव्या हार्डवेअरसाठी ड्रायव्हर कुणीतरी लिहायचा, त्याचा पगार मोजक्या गिऱ्हाइकांत वाटायचा.

पण गिऱ्हाइकाचीही बाजू आहे. जुनं यंत्र वापरणारा प्रत्येक जण हौशी नसतो. पुष्कळांना दुसरं परवडत नाही, एवढंच. त्यांना लिनक्सने हात दिला. २०११ पर्यंत उबुंटूच्या सीडी टपालाने फुकट घरी यायच्या. सी-डॅकची 'बॉस' २००७ साली आली, तीही मोफत. पण या फुकटामागेही कुणाचा पैसा, कुणाच्या रात्री असतातच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला, आणि धडधाकट संगणकांचं काय करायचं हा प्रश्न आता घरोघरी आला आहे. मला वाटतं, रास्त किंमत ती, जिच्यात बनवणाऱ्याची चूल पेटते आणि चालतं यंत्र भंगारात जात नाही. ज्याला परवडतं त्याने ती द्यावी, म्हणजे ज्याला परवडत नाही त्याला फुकट देता येते.

असो. पेंटियमवर मी हायकू बसवली. बीओएस संपल्यावर तिच्या चाहत्यांनी २००१ पासून नव्याने लिहायला घेतलेली ही सिस्टिम मोफत आहे. तरी दहा डॉलर देणगी पाठवली. पंचवीस वर्षांत ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्याला मी आपणहून दिलेले हे पहिलेच पैसे.